बागेतलं वाचनालय बांधताना: खानदेशचं ऊन, काळी माती आणि वाड्याचा हिशेब

खानदेशात तालुक्याच्या गावी वाचनालयाची नवी इमारत निघाली, की कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी मोबाइलवर एक चित्र दाखवतं. समोर कमानी, वर कौलं, मध्ये कारंजं आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेतून दिसणारी हिरवळ. "आपल्याला असंच पाहिजे, फक्त जरा वाड्यासारखं." हे चित्र मी आता बाजूला ठेवतो, कारण एकदा ते बांधून बसलो आहे. बाग दिसावी म्हणून पश्चिमेला मोठी काच लावली होती. मार्च ते जून दुपारी तीननंतर त्या बाजूला कुणी बसू शकायचं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ग्रंथपालांनी काचेला आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. चूक माझी होती, त्यांनी ती झाकली.

तेव्हापासून वाड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. महिरपी, कोरीव खांब, दिंडीदरवाजा हे सगळं नंतर. आधी ओटा, देवडी, ओसरी, चौक, माजघर हा क्रम बघा. उन्हातून थोड्या सावलीत, तिथून गडद सावलीत, शेवटी अंधारात. माणसं ओसरीवर उजेडात-वाऱ्यात बसत आणि धान्य, दागिने, कागदपत्रं माजघरात अंधारात राहत. वाचनालयालाही नेमकं हेच हवं असतं: वाचकाला उजेड आणि वारा, पुस्तकाला अंधार आणि कोरडेपणा. हा क्रम नकाशात उतरला तर एकही कमान न काढता इमारत वाड्याची वाटते. तो नसेल, तर दहा कमानी लावूनही ते मंगल कार्यालयच दिसतं.

आधी बागेत चार दिवस काढा

नकाशा काढायच्या आधी झाडांची मोजणी करा. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर आणि पानोऱ्याचा विस्तार. फांद्यांचा शेवट जिथवर जातो तिथवर जमिनीवर वर्तुळ आखा. इमारत या वर्तुळांच्या मधे बसली पाहिजे. झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड 'हेरिटेज वृक्ष' धरलं जातं. पण कायद्याचं सोडा. चाळीस वर्षांच्या निंबाची सावली तुम्ही कुठल्याही निधीतून विकत आणू शकत नाही.

मग सावली आखा. हे काम एप्रिल-मेमध्येच करायचं. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता झाडांच्या सावलीच्या कडेने फक्की टाकायची. एका गावी मी असा वाकून फक्की टाकत होतो, तर बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "आठे कबड्डीनं मैदान करी राह्यनात का भाऊ?" वाचनालय म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. पण त्यांनीच नंतर दाखवलं, की सकाळी फिरणारे लोक आखलेल्या रस्त्याने न जाता चिंचेखालून तिरके जातात. गवत मेलेली ती पायवाट नकाशावर घ्या. इमारत तिच्या आड येऊ देऊ नका, उलट ओटा तिच्या कडेला काढा. फिरायला आलेला माणूस वर्तमानपत्रासाठी थांबतो तो असा.

जागेच्या कागदांबद्दल थोडक्यात. विकास आराखड्यात भूखंडावर कोणतं आरक्षण आहे आणि बागेच्या आरक्षणात किती टक्के बांधकाम चालतं, हे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) पाहून नगररचनाकाराकडून लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर पाया खणू नका. वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त असेल, तर त्याचा अ, ब, क, ड यांतला वर्ग लक्षात घेऊन पुढच्या वीस वर्षांचा ग्रंथसंग्रह धरा, आजचा नाही.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावाच्या वस्तीला 'पांढरी' म्हणतात. जुनी माणसं घर पांढरीतच बांधत, त्याला कारण होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शहरातली बाग बहुतेक वेळा जुन्या शेतावरच असते, म्हणजे तुम्ही पांढरीतला वाडा काळीत बांधायला निघालेले असता. इथे साध्या पायावर भरवसा ठेवला, तर तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा जाते.

म्हणून भूखंडाच्या किमान तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या आणि मातीची फुगण्याची चाचणी करून घ्या. काळीचा थर दीड-दोन मीटरच असेल आणि खाली चांगला मुरूम लागत असेल, तर मुरुमापर्यंत उतरा. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्या: रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, खाली दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा असलेले खांब. साधारण साडेतीन मीटर खोली असते, म्हणजे टोक हंगामाप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली जातं. वरच्या जोते-तुळईखाली आठ सेंटिमीटर पोकळी ठेवायची, माती फुगली तर तिला जागा हवी. पोकळी ठेवल्याची खात्री स्वतः वाकून करा. मिस्त्री 'सपोर्टला' म्हणून तिथे विटांचे तुकडे भरतात आणि तुळई मातीवरच टेकते.

जोत्याच्या आत काळी माती भरू नका, मुरूम भरा. इमारतीभोवती किमान दीड मीटरची, बाहेर उतार असलेली फरशी करा, म्हणजे पायाजवळ पाणी मुरणार नाही.

इथे एक पेच आहे, तो उघड सांगतो. बागेत बांधायचं तर झाड जवळ हवं. काळ्या मातीत झाड जवळ असेल तर मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतात आणि माती आणखी आकसते. यावर माझं उत्तर असं: जुनं झाड असेल तर पाया खोल न्या आणि झाड ठेवा, नवं झाड लावायचं असेल तर पूर्ण वाढीच्या उंचीच्या निम्म्याहून जवळ लावू नका. पिंपळ आणि उंबर तर याहूनही लांब. त्यांचं बी पक्षी आणून दगडाच्या सांध्यात टाकतातच, तेवढं पुरे.

खण ठरवा, मग खोल्या

वाड्याचं माप खणात असतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ठरायचं. आपला खण लाकडावर न ठरवता पुस्तकांच्या मांडणीवर ठरवू.

दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायची स्टीलची मांडणी साधारण ४५ सेंटिमीटर खोल असते. व्हीलचेअर आणि खाली बसून शोधणारा वाचक दोघांनाही जमेल अशी वाट १.२ मीटर. दोन्ही मिळून १.६५ मीटर, आणि दोन ओळी म्हणजे ३.३ मीटर. हाच खण. असं केलं की कोणताही खांब वाटेत येत नाही, आणि पुढे अभ्यासिकेच्या जागी मांडण्या न्याव्या लागल्या तरी गणित बिघडत नाही.

वीस हजार पुस्तकं धरू. ९० सेंटिमीटरच्या फळीवर मराठी पुस्तकं सरासरी अठ्ठावीस बसतात. सहा फळ्या, दोन बाजू, म्हणजे एका मांडणीत ३३६. पण कोपऱ्यापर्यंत ठासून भरलेली फळी म्हणजे नव्या पुस्तकासाठी रोजची मारामारी, त्यामुळे अडीचशेच धरा. ऐंशी मांडण्या लागतील. पाच-पाचच्या सोळा ओळी केल्या तर बरोबर आठ खण, म्हणजे २६.४ मीटर लांब आणि येण्याजाण्याच्या वाटेसह सहा मीटर रुंद जागा. हे तुमचं माजघर. त्याच्या जमिनीवर भार किती येतो ते अभियंत्याला आधीच सांगा: भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) पुस्तकसाठ्याच्या खोलीला चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सहाशे किलो भार धरतात आणि मांडणी २.२ मीटरहून उंच असेल तर त्याहून जास्त. राहत्या घराला फक्त दोनशे धरतात. 'पुढे-मागे पुस्तकं वरच्या मजल्यावर नेऊ' असं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

वाचकाला प्रत्येकी सव्वादोन-अडीच चौरस मीटर धरा. शंभर वाचकांना अडीचशे चौरस मीटर. यातले निम्मे ओसरीत बसले तर बंद बांधकाम कमी होतं, आणि बागेत ते कमीच असावं.

ओट्यापासून माजघरापर्यंत

ओटा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, पाय खाली सोडून बसता येईल असा, उत्तर किंवा पूर्वेला, रस्त्याच्या नाही, तर पायवाटेच्या बाजूला. त्याला दार नाही, वेळ नाही. वर्तमानपत्रांचे स्टँड इथेच. पायऱ्यांच्या शेजारी १:१२ उताराचा रॅम्प आणि कठडा असा बसवा, की तो नंतर चिकटवलेला वाटू नये. ओटा पंचेचाळीस सेंटिमीटर असेल तर रॅम्प साडेपाच मीटर लांब लागतो. झाडाच्या कडेने वळवला तर ती बागेतलीच वाट होते.

देवडीत देवघेवीचा कट्टा. पूर्वी इथे पहारेकरी बसत, आता ग्रंथपाल बसतील. इथून दार, चौक आणि माजघराचं तोंड तिन्ही दिसलं पाहिजे. कर्मचारी दोनच असतात, त्यांना उठून डोकावायला लावणारा नकाशा वाईट.

चौक लहान ठेवा. पागोळी, म्हणजे छपराची खालची कड, साडेतीन मीटर उंच असेल तर चौक पाच-सहा मीटरचा पुरे. मोठा चौक फोटोत छान दिसतो आणि मेमध्ये तव्यासारखा तापतो. आपण २१ अंश अक्षांशावर आहोत, मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्या वेळी चौकाच्या भिंती सावली देऊ शकत नाहीत. एक बकुळ लावा. बारा महिने हिरवी, पानगळ थोडी. कारंज्याला माझा ठाम विरोध आहे. वर्षभरात ते बंद पडतं, मग डास होतात, मग त्यात कुंड्या ठेवतात.

चौकाभोवती अडीच मीटर खोल ओसरी, तिच्यात टेबलं. दिवळ्या, म्हणजे भिंतीतले कोनाडे, ठेवा, पण शोभेसाठी नाही. पाण्याची बाटली आणि चष्म्याची पेटी ठेवायला. लहान मुलांचा भाग उत्तरेच्या ओसरीत, ओट्याजवळ. स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका मात्र पूर्ण वेगळी काढा: वेगळं दार, वेगळं स्वच्छतागृह, वेगळा वीजमीटर. ती मुलं पहाटे सहाला येतात, रात्री अकराला जातात. त्यांच्यासाठी अख्खी इमारत उघडी ठेवावी लागली, तर सहा महिन्यांत कार्यकारिणी अभ्यासिकाच बंद करते. हे मी दोन गावांत पाहिलं आहे.

माजघर पश्चिमेला, पण भिंतीला लागून नाही. बाहेरच्या बाजूला दोन मीटरची पट्टी काढा आणि तिच्यात जिना, झाडू-फिनेलची खोली, बांधणीची खोली, वीजपेट्या टाका. संध्याकाळचं ऊन ही पट्टी खाते. स्वच्छतागृह या पट्टीत घालू नका, पाण्याचा नळ आणि पुस्तकाची भिंत कधी एक करू नये.

छज्जा किती

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, माजघराचा आडवा पट्टा तिला टोकाशी जोडा. दक्षिणेची खिडकी दीड मीटर उंच असेल, तर मार्चच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ६९ अंशांवर असतो, तेव्हा ६० सेंटिमीटरचा छज्जा तिला पूर्ण झाकतो. इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण आपल्याकडे ऑक्टोबरही भाजतो आणि तोवर सूर्य ६० अंशांपर्यंत उतरलेला असतो. त्यासाठी जवळजवळ ९० सेंटिमीटर लागतात. डिसेंबरात तो पंचेचाळीसच्या आसपास येतो आणि खिडकीच्या खालच्या भागातून कोवळं ऊन आत येतं, ते कुणाला नको असतं? तेव्हा दक्षिणेला तीन फूट.

उत्तर सुरक्षित, असं पुस्तकात लिहितात. पण एप्रिल ते ऑगस्ट सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांना बाजूने उभ्या पट्ट्या हव्यात. पश्चिमेला खिडकी काढूच नका. अगदीच वाटलं तर छताखाली जाळी.

छत आणि भिंती

माळवदाचं सगळ्यांना आकर्षण असतं. तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर पाला आणि जाड मातीचा थर, वर खारी माती. त्याखाली दुपारची झोप काय लागते ते आमच्या पिढीला माहीत आहे. पण दर वर्षी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), पावसाच्या आधी, कुणीतरी वर चढून खारी टाकायची असते आणि पहिल्या पावसात आत बादल्या ठेवायच्या असतात. पुस्तकांवर हा प्रयोग नको. स्लॅब टाका, त्यावर चुन्यातला विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढरे चिनीमातीचे तुकडे. माळवदाचा गुण म्हणजे जाडी, ती कोब्याने मिळते. ओसरीवर मात्र कडीपाट खुशाल करा, तिथे पुस्तकं नाहीत.

सागवान नवं घेऊ नका. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड जुन्या बाजारात मिळतं. घेताना खिळा टोचून बघा. पोकळ आवाज आला किंवा पिठासारखा भुसा पडला तर परत ठेवा. खांब थेट फरशीवर उभा करू नका. वाड्यात त्याच्याखाली दगडी तळखडा असतो, मध्ये खाच किंवा उंचवटा असलेला. लोकांना तो नक्षीकामासाठी वाटतो. तो ओल आणि वाळवी लाकडापासून वीतभर लांब ठेवतो. माझ्या ओळखीच्या एका सुताराने नव्या खांबांना सिमेंटचे तळखडे ओतून दिले, त्यात खांबाचं टोक गाडलं आणि वरून पॉलिश केलं. तीन वर्षांत खांब खालून कुजले.

जोतं काळ्या दगडाचं करा, वर वीट आणि चुना. दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, फुगे येतात. चुना मळून किमान काही आठवडे भिजत ठेवायचा असतो, म्हणून ठेकेदाराला कामाचा आदेश मिळाल्यावर नाही, आधीच चुन्याची सोय करा. निविदेत 'चुन्याचा गिलावा' हे शब्द नसतील तर मिळणार नाही.

वाळवी, कूलर, दमट दिवस

पायाच्या वेळीच वाळवीविरोधी प्रक्रिया करून घ्या (आयएस ६३१३, भाग २). मांडण्या स्टीलच्या, सर्वांत खालची फळी जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर वर, भिंतीपासून चार बोटं लांब. वाळवी भिंतीतून मातीची नळी काढत येते, ती दिसायला ती चार बोटं लागतात.

मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलर उत्तम चालतो, म्हणून तो वाचकांच्या बाजूला लावा. माजघरात त्याची हवा जाऊ देऊ नका. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, ६५ च्या पुढे बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये माजघरात आर्द्रतामापक टांगा, काटा ६५ ओलांडायला लागला की डीह्युमिडिफायर लावा. जुनी हस्तलिखितं असतील तर हे काम स्वतःच्या अकलेने करू नका. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे जाऊन विचारा. खानदेशात ग्रंथ सांभाळायची परंपरा तशी खूप जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची.

पाणी आणि नवी झाडं

सहाशे चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस, गळती वजा जाता तीन लाख लिटरांहून अधिक पाणी. सगळं साठवता येणार नाही. पन्नास हजारांची टाकी पुरे. उरलेलं पाइपात लपवू नका. पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाटातून शेताशेतांत फिरतं. तसाच दगडी पाट छताच्या पाण्याला करा, इमारतीपासून दूर नेणारा, वाटेत झाडांची आळी भरणारा, शेवटी मुरुमापर्यंत खोदलेल्या शोषखड्ड्यात जाणारा. काळ्या मातीतल्या उथळ खड्ड्यात पाणी मुरत नाही, नुसतं चिखल करून बसतं. पावसात लहान मुलं या पाटात कागदी होड्या सोडतील. सोडू द्या.

पश्चिमेला निंब आणि करंज. निंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि उन्हाळा चढेपर्यंत नवी आलेली असतात. बहावा दिसायला देखणा, पण एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांखाली पान नसतं. तो दारासमोर लावा, पश्चिमेला नको. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, ओट्यापासून लांब.

काम कधी काढायचं आणि एक नोकरी

चाचणी खड्डे मेमध्ये, भेगा सर्वांत रुंद असताना. पाया दिवाळीनंतर, माती वाफशाला आली की. छत पुढच्या मेच्या आत. पुस्तकं हलवायची ती गिलावा पूर्ण वाळल्यावर, म्हणजे एक हिवाळा जाऊ द्यावा. उद्घाटनाची तारीख नेते ठरवतात. इमारतीचं उद्घाटन करा, पुस्तकं नंतर आणा.

जाड भिंती दिवसभर तापून रात्री आत उष्णता सोडतात. मार्च ते जून बाहेरची रात्र आतल्यापेक्षा थंड असते, म्हणून खालच्या खिडक्या आणि वरच्या जाळ्या रात्री दहाला उघडून सकाळी सातला बंद करायला हव्यात. सगळ्यांना डासांची जाळी हवी, नाहीतर पावसाळ्यात दिव्याभोवतीचे किडे सकाळी टेबलावर सांडलेले असतात. दिवसा उघड्या आणि रात्री बंद, असं उलटं झालं तर वर सांगितलेलं सगळं वाया. रात्रीच्या पहारेकऱ्याच्या नेमणूकपत्रात हे काम वेळेसह लिहा, आणि त्यासाठी त्याला वेगळे पैसे द्या.